पाच वर्षांनी हुकलेले औषध

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमधून एक छोटे निवेदन प्रसिद्ध झाले. ‘क्वीन’ या रॉक गटाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याला एड्स झाला असल्याची कबुली त्यात होती. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, केन्सिंग्टनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. वय होते अवघे ४५. जगभरातील लाखो चाहत्यांना त्याचा आजार आणि त्याचा मृत्यू या दोन्ही बातम्या जवळपास एकाच वेळी कळल्या.

या गायकाचे खरे नाव फारूख बलसारा. त्याची शाळा सातारा जिल्ह्यातील पाचगणीची आणि शाळेच्या सुट्ट्या मुंबईच्या. त्याच्या गळ्यावर शास्त्रज्ञांनी पुढे संशोधन केले. त्याचा आजारही वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील एका वळणावर उभा होता. म्हणूनच आरोग्याच्या अंगाने हे आयुष्य पुन्हा पाहण्यासारखे आहे.

झांझिबार ते पाचगणी

फारूखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर झाला. बोमी आणि जेर बलसारा हे त्याचे पारशी आईवडील. वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. चांगले शिक्षण मिळावे म्हणून वयाच्या आठव्या वर्षी फारूखला आगबोटीने भारतात धाडण्यात आले. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात तो राहू लागला. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तिथल्याच मित्रांनी दिले.

टेबल टेनिस आणि मुष्टियुद्ध यांत तो चांगला होता, पण मुख्याध्यापकांच्या नजरेत भरला तो त्याचा संगीताचा कान. त्यांनी पालकांना कळवले आणि जादा फी भरून त्याला पियानोची शिकवणी लावण्यात आली. पुढे शाळेतल्या पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. त्यात फारूख पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. रेडिओवर ऐकलेले रॉक अँड रोल ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. दोन हात एकाच वेळी वेगवेगळे काम करतात, सूर एकावर एक रचता येतात, ही समज त्याला पाचगणीतच आली. पुढे त्याने आपली बरीच गाणी पियानोवर बसूनच बांधली.

शाळा संपवून तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती उसळली आणि बलसारा कुटुंबाला बेट सोडावे लागले. सतरा वर्षांचा फारूख लंडनजवळच्या फेल्टममध्ये आला. त्याने ईलिंगच्या कला महाविद्यालयात रेखाचित्रण आणि सजावटीचे शिक्षण घेतले, विमानतळावर सामान उचलण्याचे काम केले आणि बाजारात जुने कपडेही विकले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत त्याने ‘क्वीन’ सुरू केला. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला. हा गट शिकलेल्यांचा होता. मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी होता (त्याने राहिलेली पीएच. डी. २००७ मध्ये पूर्ण केली), टेलर जीवशास्त्राचा आणि डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. १९७५ मध्ये फ्रेडीने रचलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आले. जवळपास सहा मिनिटांचे गाणे रेडिओवर कोण लावणार, अशी शंका होती. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

जादा दात आणि गळ्याचे गूढ

फ्रेडीच्या वरच्या जबड्यात चार जादा दात होते. दर शंभर माणसांत एक ते तीन जणांना असा एखादा तरी जादा दात असतो. त्याच्याकडे चार होते. मागून रेटा बसल्याने त्याचे पुढचे दात बाहेर आले आणि शाळेत त्यावरून त्याला चिडवले गेले. पुढे पैसा आला, उत्तम दंतवैद्य हाताशी होते, तरी त्याने ते दात काढले नाहीत. काढले तर आवाज बिघडेल, अशी त्याला भीती होती. शास्त्र मात्र सांगते की, सूर तयार होतो तो स्वरयंत्रातील स्वरतंतूंच्या कंपनांतून. दात, जीभ आणि ओठ उच्चाराला आकार देतात. दात काढल्याने त्याचे काही उच्चार बदलले असते, त्याची पट्टी नव्हे.

त्या गळ्यात नेमके होते तरी काय? ऑस्ट्रिया, स्वीडन आणि झेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी त्याच्या मुलाखती आणि गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याचा बोलण्याचा आवाज सेकंदाला सुमारे ११७ कंपनांचा, म्हणजे चारचौघांसारखा पुरुषी, थोडा खालच्या पट्टीचा होता. गाताना मात्र तो तार सप्तकात सहज वावरत असे. त्याच्या गळ्याला चार सप्तके होती, या आख्यायिकेला मात्र पुरावा मिळाला नाही. ध्वनिमुद्रणांत दिसली ती सुमारे तीन सप्तके. आपल्याकडच्या बाजाच्या पेटीवर साधारण तेवढ्याच पट्ट्या असतात.

वेगळेपण दुसरीकडेच होते. लांब सुरावर त्याच्या आवाजात जो कंप येई, तो सेकंदाला सरासरी सात वेळा आणि काहीसा अनियमित असे. पाश्चात्त्य शास्त्रीय गायकांचा कंप सहसा याहून संथ आणि सम असतो. शिवाय त्याच्या आवाजातली ती खरखरीत धग कुठून येते, हे पाहण्यासाठी एका रॉक गायकाला त्याची शैली गायला लावून त्याच्या स्वरयंत्राचे सेकंदाला चार हजारांहून अधिक चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रण केले गेले. खऱ्या स्वरतंतूंच्या वर मांसल घड्या असतात. त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी बोलता-गाताना त्या स्वस्थ असतात. या शैलीत मात्र त्याही कंप पावत होत्या.

या गायकीची किंमतही होती. सत्तरच्या दशकात फ्रेडीच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या आणि काही कार्यक्रम रद्द करावे लागले. स्वरतंतू एकमेकांवर सतत जोरात आपटले की हातावर घट्टे पडावेत तसे ते जाड होतात. शिक्षक, कीर्तनकार, भाजीविक्रेते, कंडक्टर यांच्यातही हा त्रास आढळतो. आवाजाला विश्रांती, भरपूर पाणी आणि आवाजाचे व्यायाम यांनी बहुतेकांना गुण येतो. दोन-तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यायला हवे.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठीच्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात सुमारे ७२ हजार श्रोत्यांसमोर ‘क्वीन’ला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. फ्रेडीने वाद्यांशिवाय श्रोत्यांशी सुरांचा सवाल-जवाब केला आणि ते मैदान त्याच्यामागून गाऊ लागले. पुढच्याच वर्षी ९ ऑगस्टला नेबवर्थ येथे ‘क्वीन’सोबतचा त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला.

औषध होते, पण अपुरे

१९८७ च्या वसंतात त्याच्या आजाराचे निदान झाले. एचआयव्ही हा विषाणू सापडून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. हा विषाणू रक्तातील ‘सीडी-४’ नावाच्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. या पेशी म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचे मुकादम. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. संख्या २०० च्या खाली गेली की एरवी किरकोळ वाटणारे जंतूही जीव घेऊ शकतात. या अवस्थेला एड्स म्हणतात. फ्रेडीचा मृत्यूही थेट विषाणूने झाला नाही. एड्समुळे झालेल्या ब्रॉन्कोन्यूमोनियाने झाला.

त्याच वर्षी झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले होते. पण एकट्या औषधाचे या विषाणूपुढे फार काळ चालत नाही. स्वतःच्या प्रती काढताना तो सतत चुका करतो. त्या चुकांतून एखादी प्रत अशी निघते की तिच्यावर औषध लागू पडत नाही आणि मग तिचीच वाढ होते. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि चित्र पालटले. एकाच वेळी तीन औषधांनी अडवल्यावर विषाणूला पळवाट उरत नाही. ज्यांचे दिवस मोजले जात होते, ती माणसे कामावर परतू लागली.

फ्रेडीच्या घरातच हा फरक दिसतो. त्याचा सहचर जिम हटन यालाही एचआयव्हीची लागण असल्याचे १९९० मध्ये कळले. त्याच्या शरीराने १९९६ पर्यंत तग धरला. नवी औषधे आली आणि तो २०१० पर्यंत जगला. त्याला मृत्यू आला तो कर्करोगाने. एकाच छताखाली राहणारी, एकाच विषाणूने गाठलेली दोन माणसे. एकाच्या वाट्याला औषध आले, दुसऱ्याचे पाच वर्षांनी हुकले.

निदानानंतर फ्रेडीने फक्त जवळच्यांना सांगितले. बाहेर छायाचित्रकार पाळतीवर असत, वृत्तपत्रे त्याच्या खालावत्या तब्येतीवर तर्क लढवत. एड्स म्हणजे पापाची शिक्षा, असे उघड बोलले जाणारे ते दिवस होते. तो काम करत राहिला. शेवटची गाणी त्याने स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे १९९१ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर ध्वनिमुद्रित केली. उभे राहणेही जड जात असताना. त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाले.

महाराष्ट्राचा वाटा

पाचगणीची ओळख शाळांची, तशीच हवापालटाचीही. क्षयरोगावर औषध नव्हते तेव्हा थंड, कोरडी हवा हाच उपचार मानला जाई. १९१२ मध्ये डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी तिथे ‘बेल-एअर’ हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम सुरू केले. पुढे ते रेडक्रॉसकडे गेले आणि अलीकडच्या काळात तिथे एचआयव्हीबाधितांवरही उपचार होऊ लागले. क्षयरोग्यालाही एके काळी गावाबाहेर ठेवत, त्याचे भांडे वेगळे असे. औषध आले आणि भीती हळूहळू ओसरली. भारतात एचआयव्हीबाधितांना सर्वाधिक गाठणारा जोडआजार आजही क्षयरोगच आहे.

तीन औषधांचा उपचार निघाला तेव्हा त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरहून अधिक होता. २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीने तोच उपचार वर्षाला सुमारे ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली आणि आफ्रिका-आशियातील गरीब देशांना तो परवडू लागला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. आज छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासह राज्यभरातील एआरटी केंद्रांवर ती मिळतात. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते.

फ्रेडीच्या स्मरणार्थ २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्लीवर मोठा कार्यक्रम झाला. त्यातून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला आणि तो आजही एड्सविरोधी कामाला मदत करतो. २०१६ मध्ये, त्याच्या सत्तराव्या जयंतीला, १७४७३ क्रमांकाच्या लघुग्रहाला त्याचे नाव देण्यात आले. तो लघुग्रह सापडला होता १९९१ मध्ये, फ्रेडी गेला त्याच वर्षी.

हे लक्षात असू द्या

• एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. माहितीसाठी १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे.

• निदान झाले की सीडी-४ पेशींची संख्या कितीही असली तरी लगेच औषध सुरू करता येते. पूर्वीसारखी ती घसरण्याची वाट पाहिली जात नाही.

• औषध नियमित घेतल्याने रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गोळ्या थांबवल्या की विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

• गर्भवतीची वेळीच तपासणी आणि उपचार झाले, तर बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी कमी होते.

• सुई टोचणे किंवा असुरक्षित संबंध अशी घटना घडल्यास ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे. लागण टाळणारी औषधे मिळू शकतात.

• एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने, डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही.

• एचआयव्हीबाधिताला नोकरी, शिक्षण किंवा उपचार नाकारणे आणि त्याच्या संमतीविना त्याचा आजार उघड करणे यांना २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

फ्रेडी मर्क्युरीला औषधाने वेळेवर गाठले नाही. आज औषध तालुक्याच्या गावापासून फार दूर नाही. तरीही कोणी काय म्हणेल या धास्तीने तपासणी टाळणारे आणि गोळ्या लपवून ठेवणारे आहेतच. त्यांच्यासाठी उशीर प्रयोगशाळेत होत नाही, तो घरात आणि शेजारात होतो. तो टाळणे मात्र आपल्या हातात आहे.