कमला सोहोनींनी बटाट्यात शोधलेलं प्रोटीन आज कॅन्सरच्या पेशीत घुसवायचा प्रयत्न सुरू आहे

साल १९३३. मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिली आलेली कमला भागवत बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज करते आणि अर्ज नाकारला जातो. कारण एकच, ती मुलगी आहे. वडील आणि काका दोघंही याच संस्थेत शिकलेले, त्यामुळे गप्प बसायचा प्रश्नच नव्हता. ती थेट संचालकांसमोर जाऊन उभी राहिली. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन.

प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. गाईड सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. ही शेवटची अट आज वाचतानाही डोक्यात जाते. तिने तीही मान्य केली आणि दूध-डाळींमधल्या प्रोटीनवर काम करून दाखवलं. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं.

तिथून केंब्रिज. बटाट्यावर काम करताना तिला वनस्पतीच्या पेशीत 'सायटोक्रोम सी' सापडलं. हे प्रोटीन म्हणजे पेशीतला हमाल. अन्नातून ऊर्जा तयार होताना इलेक्ट्रॉन इकडून तिकडे नेणारा. गोंदियाच्या बांधीतलं धान असो की ते कापणारा माणूस, दोघांच्या पेशी याच्याच जोरावर श्वास घेतात. अवघ्या १४ महिन्यांत, ४० पानांचा प्रबंध लिहून तिने पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी करणारी पहिली भारतीय महिला म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

१९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. १९४७ मध्ये लग्न होऊन कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. तिथे त्यांनी नीरेवर संशोधन केलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायकांसाठी हा स्वस्त पोषक आहार ठरू शकतो, हे दाखवलं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला.

पण सायटोक्रोम सीची गोष्ट संपली नव्हती. १९९६ मध्ये अमेरिकेत शियाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेत कळलं की हेच प्रोटीन मायटोकॉन्ड्रियातून बाहेर सांडलं, की पेशी स्वतःला संपवायला लागते. मग संशोधकांच्या डोक्यात आलं, हे बाहेरून कॅन्सरच्या पेशीत सोडलं तर?

अडचण दाराशीच आहे. पेशीचं आवरण प्रोटीनला सहजासहजी आत येऊ देत नाही. घेतलंच, तर छोट्या पिशवीत कोंडून पचवून टाकतं. म्हणून त्याला अतिसूक्ष्म नॅनोकणांत गुंडाळून आत न्यायचे प्रयोग चालू आहेत. आणि ते फक्त कॅन्सरच्याच पेशीत जायला हवं, नाहीतर धडधाकट पेशीही मरायच्या. सध्या हे काम प्रयोगशाळेतच आहे.

वांग यांच्या शोधानंतर दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये कमलाताई गेल्या.