धुक्यावरचा गटे

आपल्याकडे गटे म्हटले की एकच चित्र डोळ्यांपुढे येते: ‘शाकुंतल’ डोक्यावर घेऊन नाचणारा जर्मन महाकवी. संस्कृतच्या तासाला ही कथा मीही ऐकली. पण माझ्या मनात घर करून राहिलेला गटे निराळा आहे. ‘शाकुंतल’ त्याच्या हाती पडायला अजून चौदा वर्षे आहेत. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि ऐन हिवाळ्यात बर्फ तुडवत एक डोंगर चढतो आहे.

२८ ऑगस्ट १७४९ रोजी फ्रँकफुर्टच्या सधन घरात जन्मलेला गटे कायदा शिकला. पण १७७४ साली ‘वेर्थर’ या कादंबरीने त्याला युरोपभर कीर्ती दिली. पुढच्याच वर्षी वायमारच्या तरुण ड्यूकच्या बोलावण्यावरून तो त्या चिमुकल्या संस्थानात आला आणि राज्यकारभाराला जुंपला गेला. इल्मेनाऊची बंद पडलेली खाण पुन्हा सुरू करण्याचे काम त्याच्या गळ्यात पडले. १७७७ च्या जूनमध्ये धाकटी बहीण कॉर्नेलिया वारली. कवीने दरबारात रमावे की नाही, हा पेच मनात होताच.

२९ नोव्हेंबरला ड्यूकची मंडळी शिकारीच्या गडबडीत असताना गटे एकटाच घोड्यावर बसून हार्त्झ पर्वताकडे निघाला. नाव सांगितले वेबर, पेशा चित्रकाराचा. वेर्निगेरोडेला तो प्लेसिंग नावाच्या एका खिन्न तरुणाला भेटला. ‘वेर्थर’ वाचून या तरुणाने त्याला पत्रे लिहिली होती. गटेने समोर बसूनही आपली ओळख दिली नाही. मग गोस्लार आणि क्लाउस्थालच्या खाणी त्याने आत उतरून पाहिल्या. पण ओढ होती ती ब्रोकेन शिखराची. तेथे पोहोचलो तर आपली वाट बरोबर आहे, अशी खूणगाठ त्याने बांधली होती.

ब्रोकेनची उंची ११४१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून पाचशे मीटर कमी. पण वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस माथ्यावर धुके असते, आणि १९८४ च्या नोव्हेंबरात तेथे ताशी २६३ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. १० डिसेंबरच्या सकाळी टॉर्फहाउसच्या वनरक्षकाने गटेला साफ नकार दिला. इतकी वर्षे येथे राहूनही हिवाळ्यात तो स्वतः कधी वर गेला नव्हता. खिडकीबाहेर धुके दाटलेले. गटे गप्प राहिला. थोड्या वेळाने धुके विरले, शिखर दिसू लागले आणि वनरक्षकच सोबत यायला तयार झाला. सव्वादहाला दोघे निघाले. बर्फ दोन फूट खोल, पण वरचा थर घट्ट असल्याने पाय रुतत नव्हते. सव्वाएकला माथा आला. खाली सारे जग ढगांत बुडालेले आणि वर निरभ्र आकाश! चारला ते परत टॉर्फहाउसला होते.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी त्याच वाटेने निघालो होतो. अर्ध्यावर वारा उभे राहू देईना. ढग खाली उतरत होते. सोबतच्या स्नेह्याने घड्याळ पाहून मान हलवली आणि आम्ही मागे फिरलो. उतरताना मला आठवला तो गटे नव्हे, तर तो वनरक्षक. त्याचा नकार भित्रेपणाचा नव्हता, अनुभवाचा होता. आभाळ उघडले हे गटेचे नशीब.

गटेने मात्र तो कौल मानला. तो वायमारलाच राहिला. इल्मेनाऊची खाण १७८४ साली सुरू झाली. १७९६ साली तिच्यात पाणी घुसले आणि सारे कष्ट बुडाले. डोंगराने कौल दिला होता, यशाची हमी दिली नव्हती. पण त्याच डोंगराने ‘फाउस्ट’मधली चेटकिणींची रात्र दिली.

२७ ऑगस्ट १८३१ रोजी, ब्याऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, गटे इल्मेनाऊजवळच्या किकेलहान टेकडीवर गेला. १७८० साली तेथल्या लाकडी खोपटाच्या भिंतीवर त्याने पेन्सिलीने काही ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचून त्याचे डोळे भरून आले. पुढच्या मार्चमध्ये तो गेला. बुडालेल्या खाणीच्या गावी त्याला पुन्हा जावेसे वाटले, हे मला ब्रोकेनच्या चढाईहून मोठे वाटते.