पावसाचा हिशेब मांडणारा साहेब

पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची मनोऱ्याची दगडी इमारत आहे. जुने पुणेकर तिला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुण्यात सिमला कुठून आले, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. गोष्ट अशी, की १९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून इथे हलले आणि येताना जुन्या गावाचे नावही घेऊन आले. मात्र ज्या माणसाने सिमल्यात बसून साऱ्या जगाच्या हवामानाचा एक धागा शोधून काढला, त्या सर गिल्बर्ट वॉकर यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात झाला. वडील इंजिनिअर. मुलाला लहानपणापासून गरगर फिरणाऱ्या वस्तूंचे वेड. रँग्लर परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले आले, हे मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक असते. त्याच परीक्षेत वॉकर बरोबर दहा वर्षे आधी पहिले आले होते. पुढे प्रकृती ढासळली, तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये हिवाळे काढता काढता हे गृहस्थ बर्फावरचे स्केटिंग शिकले. बूमरँग फेकण्यात ते इतके तरबेज, की मित्रमंडळी त्यांना ‘बूमरँग वॉकर’च म्हणत. बासरीच्या रचनेतही त्यांनी डोके घातले. हवामानशास्त्राचा मात्र त्यांना गंध नव्हता.

अशा माणसाच्या हाती १९०४ मध्ये हिंदुस्थानचे हवामान खाते आले, कारण तोवर ते खाते पुरते अडचणीत सापडले होते. १८७७ च्या भीषण दुष्काळानंतर हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ पाहून मोसमी पावसाचे भाकीत करण्याची वाट शोधली आणि १८८६ पासून ते जाहीर होऊ लागले. त्यांच्यामागून आलेल्या जॉन इलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचे भाकीत केले. आला तो ‘छप्पनिया’ दुष्काळ. वर्तमानपत्रांनी खात्याला असे झोडपले, की पुढे काही वर्षे भाकीत फक्त सरकारच्या कानापुरते राहिले.

वॉकर यांनी आभाळाकडे पाहणे बाजूला ठेवले आणि आकडे मागवले. हिमालयातील बर्फ, मॉरिशस आणि दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब, झांझिबारचा पाऊस, अशा नोंदी कारकुनांकडून रकान्यांत भरून घेतल्या आणि कोणता आकडा आपल्या पावसाबरोबर वरखाली होतो, ते तपासले. यंत्रे नव्हती, सगळा हिशेब हातांनी. ज्याने बँकेत लेजरचा ताळेबंद जुळवत रात्री काढल्या आहेत, त्यालाच या कामाची चिकाटी कळेल.

पण वॉकर यांचा मोठेपणा निव्वळ चिकाटीत नव्हता. शंभर गोष्टींशी तुलना केली, तर त्यांतल्या दोन-चार केवळ योगायोगाने जुळणारच, आणि नेमक्या त्याच उचलल्या तर माणूस स्वतःलाच फसवतो, हे त्यांनी १९१४ मध्ये गणिताने दाखवले. म्हणूनच ऋतूच्या भाकितासाठी त्यांनी पुढे जो शब्द वापरला, त्याचा अर्थ अंदाजापेक्षा आपल्या ‘चाहूल’ या शब्दाला जवळचा आहे.

याच काळातली एक हकीकत. फेब्रुवारी १९१३ मध्ये मद्रासला गेले असता तिथल्या पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या. ते गणित आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, हे ओळखून त्यांनी लगेच विद्यापीठाला शिफारसपत्र लिहिले. कारकुनाला दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

आकड्यांच्या त्या ढिगाऱ्यातून वॉकर यांना एक झोका दिसला. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला, की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटेही घडते. १९२४ मध्ये त्यांनी त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. त्याच वर्षी ‘सर’ होऊन ते मायदेशी परतले. १९३४ पर्यंत लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली आणि ४ नोव्हेंबर १९५८ रोजी ते निवर्तले. मोसमी पावसाचे खात्रीचे भाकीत करायचे, हे मूळ काम साधलेच नाही. त्यांची काही सूत्रे पुढे ढिली पडली.

फळ आले ते दुसऱ्याच बागेत. १९६९ मध्ये याकोब बियर्कनेस यांनी दाखवले, की वॉकर यांचा झोका आणि पेरूच्या किनाऱ्यावर समुद्र तापवणारा ‘एल निनो’ ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. अमेरिकेतील विल्यम ग्रे यांनी ही साखळी अटलांटिकवरील हरिकेनपर्यंत नेली. एल निनोच्या वर्षी तिथे उंचावरचे वारे जोरात वाहतात आणि वादळाचा माथा उभा राहण्याआधीच कापला जातो. या आधारावर त्यांनी १९८४ पासून हंगामाचा अंदाज द्यायला आणि हंगाम पुढे सरकेल तसा तो सुधारायला सुरुवात केली.

आणि इथेच खरी मेख आहे. २००६ मध्ये ग्रे यांच्या चमूने आधी १७ वादळे सांगितली, ऑगस्टमध्ये १५, सप्टेंबरमध्ये १३. एल निनो जागा झाला होता. प्रत्यक्षात झाली १०. आपल्याकडे २०१४ साली मोसमी पावसाचा अंदाज एप्रिलमध्ये सरासरीच्या ९५ टक्के होता, जूनमध्ये ९३ झाला आणि पाऊस पडला ८८ टक्के. दोन्हीकडे पाऊल एकाच दिशेला, आणि दर वेळी आखूड. बुडीत कर्ज एकदम बुडीत न म्हणता दर तिमाहीला थोडे थोडे वजा करणाऱ्या शाखाधिकाऱ्यासारखेच हे. पुढची दुरुस्ती कुठल्या बाजूला होणार, हे जर आधीच सांगता येत असेल, तर ती आजच्याच आकड्यात धरायला हवी होती.

अर्थात दोन वर्षे निवडून नियम ठरवला, तर वॉकर साहेबच कान पकडतील. शिवाय वसंत ऋतूत प्रशांत महासागराचा कल ओळखणे मुळातच अवघड असते. जूननंतर तो स्पष्ट होतो, म्हणून दुरुस्ती ही लाजेची बाब नव्हे. वसंतराव गोवारीकरांच्या चमूचे १६ घटकांचे सूत्र १९८८ पासून अनेक वर्षे नावाजले गेले. पण २००२ मध्ये १०१ टक्क्यांच्या जागी ८१ टक्के पाऊस झाला. पुढच्याच वर्षी खात्याने सूत्र बदलले आणि अंदाज दोन टप्प्यांत देण्याची पद्धत सुरू केली.

प्रश्न शेतकऱ्याचा आहे. पीककर्जाचा अर्ज आणि बियाण्याची खरेदी पहिल्या आकड्यावर होते. सुधारलेला आकडा येतो तेव्हा मृग तोंडावर आलेला असतो. म्हणून पहिल्याच दिवशी आकड्याबरोबर हेही सांगावे, की तो किती हलू शकतो आणि कोणत्या बाजूला. भाकिताला चाहूल म्हणणाऱ्या त्या गणितज्ञाला बहुधा एवढेच अपेक्षित होते.