व्याधीतही अढळ गुरुनिष्ठा

बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ, बोम्मसंद्र्याच्या कॅन्सर रुग्णालयात आपल्या माणसाच्या उशाशी तुम्ही बसला असाल, तर श्रीनिसर्गदत्त महाराजांचे जीवन जरूर आठवा.

महाराजांचे मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म १८९७ चा, मुंबईतला. बालपण कोकणातल्या कांदळगावात गेले. पुढे मुंबईत विड्यांचे दुकान चालवत त्यांनी संसार केला. १९३३ मध्ये श्रीसिद्धरामेश्वर महाराजांचा अनुग्रह लाभला. तीनच वर्षांत सद्गुरूंनी देह ठेवला. नंतर पत्नी गेली, मुलगीही गेली. तरी गुरुवचनावरील निष्ठा ढळली नाही.

उतारवयात घशाचा कर्करोग झाला. ज्या कंठातून बोध होई, तिथेच व्याधी आली. वेदना वाढल्या, आवाज क्षीण झाला. पण खेतवाडीच्या घरी येणाऱ्या जिज्ञासूंना त्यांनी विन्मुख पाठवले नाही. व्याधी देहाला आहे, आपण देह नव्हे, ही शिकवण त्यांनी देहानेच पार पाडली. ८ सप्टेंबर १९८१ रोजी ते ब्रह्मलीन झाले.

साधकहो, श्रद्धा म्हणजे वेदना नाकारणे नव्हे आणि औषध टाळणेही नव्हे. डॉक्टर सांगतील ते उपचार करा. रुग्णाचा हात हाती घ्या, त्याला बोलू द्या आणि शांतपणे नाम घ्या. सेवा हीच तुमची साधना.