खाशाबा जाधव : ताकदीपेक्षा तोल ओळखणारा पैलवान

बेळगुंदीपासून निपाणीपर्यंत जत्रा म्हटली की कुस्तीचं मैदान आलंच. आणि मैदानाच्या कडेला बसलेली जुनी माणसं आजही धिप्पाड पोरापेक्षा चपळ पोराकडे आधी बघतात. त्यांची ही नजर किती खरी, ते कळतं कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा दादासाहेब जाधवांच्या आयुष्यातून.

१५ जानेवारी १९२६ चा त्यांचा जन्म. वडील पैलवान, त्यामुळे तालीम घरातच. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. अंगकाठी लहान, पण डाव पक्के.

ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याचं डोकं कवेत धरायचं, अंगाला अंग भिडवायचं आणि फिरवून खाली आपटायचं. यात दंडापेक्षा कमरेचं काम जास्त. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या आसपास असतो. तिथून सरळ खाली येणारी रेषा दोन पावलांच्या मधल्या जागेत पडते तोवर माणूस उभा राहतो. ती बाहेर गेली की तोल गेलाच. लहान चणीच्या पैलवानाचा गुरुत्वमध्य मुळातच खाली, म्हणून तो समोरच्याच्या अंगाखाली सहज शिरतो. त्याची कंबर टेकू होते आणि समोरच्याची धरलेली मान तरफेचं लांबचं टोक. मग थोडा जोरही पुरतो, फक्त वेळ साधावी लागते.

१९४८ साली ते लंडन ऑलिम्पिकला गेले. तांबड्या मातीत पाय रुततो, टाच रोवता येते. मॅटवर पायाखालचा आधारच वेगळा. नियमही परके. तिथं माजी जगज्जेते रीस गार्डनर यांनी त्यांना तयार केलं आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले.

१९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसा नव्हता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं. जपानचा इशी आणि सोव्हिएत मल्ल ममेदबेकोव्ह यांच्यापुढे ते हरले, तरी कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात्र कुस्त्या भरवून आधी खर्डेकरांचं देणं फेडलं.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० मध्ये दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव लागलं.

मातीतल्या पोराला मॅट लवकर मिळायला हवी, हे खाशाबांच्या लंडनवारीनं तेव्हाच दाखवलं होतं. सीमाभागातल्या कित्येक तालमींना ते आजही लागू आहे.