वरसईचे राजवाडे आणि आपल्या पेटीतले कागद

वर्गात दरवर्षी आम्ही एक काम देतो. आपल्या घराण्याची वंशावळ काढून आणा. बहुतेक मुलं आजोबांपाशी थांबतात, एखाददुसरा पणजोबांपर्यंत पोचतो. ज्यांच्या घरात शजरा लिहून ठेवायची रीत होती, त्यांच्या मुलांनाही तो कुठल्या कपाटात आहे ते ठाऊक नसतं. अशा वेळी आम्ही मुलांना आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. तो जन्मभर दुसऱ्यांच्या घरातले जुने कागद शोधत फिरला.

त्यांचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. लोक त्यांना इतिहासाचार्य म्हणतात. जन्म १८६३ सालचा, पेण तालुक्यातल्या वरसई गावचा. वडील लहानपणीच गेले. पुढचं शिक्षण पुण्यात झालं आणि १८९० मध्ये ते बी.ए. झाले. काही काळ त्यांनी शिक्षकाचं कामही केलं. बायको तरुणपणीच वारली, त्यानंतर त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. पुढचा सगळा संसार म्हणजे कागद.

वाईला त्यांना एका घराण्याचं जुनं दफ्तर मिळालं आणि आयुष्याची दिशाच ठरली. १८९८ साली त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला. पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतली पत्रं त्यात होती. असे पुढे एकूण २२ खंड निघाले. त्यासाठी ते गावोगाव फिरले, बरंचसं पायीच. हाताने स्वयंपाक करायचा, मिळेल तिथं पथारी टाकायची, आणि देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या दारात जाऊन विचारायचं, तुमच्याकडे जुने रुमाल आहेत का? रुमाल म्हणजे कपड्यात बांधलेली कागदांची गाठोडी. माळ्यावर ती वाळवीच्या तोंडी पडलेली असायची. काही घरांत मान मिळाला, काही ठिकाणी संशय. जमिनीचे कागद परक्याच्या हाती कोण देणार? तरी ते पुन्हा जात.

त्यांचा हट्ट एकच. अस्सल कागद दाखवा, मग बोला. हा हट्ट आपल्या लोकांना नवा वाटू नये. हदीस सांगणाऱ्याला कोणाकडून ऐकलंस असं विचारायची शिस्त आपल्याकडे शतकानुशतकं आहे आणि त्या साखळीला सनद म्हणतात. इनामाच्या कागदालाही सनदच म्हणतात. शब्द एकच आहे, भरवशाला आधार हवा हा अर्थही एकच.

त्या मोडी कागदांत आपल्या ओळखीचं आणखी पुष्कळ आहे. तारखेआधी छ हे अक्षर येतं आणि पुढे रजब, साबान, मोहरम असा चांद्र महिना असतो. वर्ष अरबी आकड्यांत लिहितात. सन सबा खमसैन अलफ म्हणजे सात, पन्नास आणि हजार, म्हणजे १०५७. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १६५६ येतं, मृगानंतरचे काही महिने सोडले तर १६५७. मदरशात अरबी आकडे शिकलेलं आपलं पोर हा हिशेब चटकन करू शकतं. त्या काळच्या महजरांवर काझीची मोहर असे. दफ्तर, कागद, मोहर, तारीख हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले फारसी शब्द मोजून त्यांचं प्रमाण काळाप्रमाणे कसं कमी होत गेलं तेही दाखवलं.

१९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, त्यात सरदार मेहेंदळे यांच्याबरोबर राजवाडे होते. १९२४ मध्ये त्यांनी महिकावतीची बखर छापली. उत्तर कोकणात कोणती घराणी कुठून येऊन वसली याची हकिकत तिच्यात आहे. माणसांच्या आणि गावांच्या नावांची मुळंही ते शोधत राहिले. तो कोश त्यांच्या मागे धुळ्याहून निघाला.

स्वभाव मात्र फार तापट. सहकाऱ्यांशी पटेना, म्हणून शेवटी ते धुळ्याला गेले आणि तिथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ सुरू झालं, त्यांचे कागद तिथे जपले गेले.

एक गोष्ट लपवायची नाही. आपल्या जातीचा त्यांना फार अभिमान होता आणि मुसलमानी राजवटींबद्दल त्यांनी लिहिलेलं बरंच आम्हाला पटत नाही. वर्गात आम्ही तेही सांगतो. पण मतं त्यांची होती, कागद सगळ्यांचे आहेत. त्यांच्या मताशी भांडायचं तरी हातात कागद लागतोच, आणि तो आपल्या घरातला असेल तर आणखी चांगलं.

आता आपल्याकडे बघा. काझी, खतीब, मुकादम, सरखोत, नाखवा, गावाच्या नावावरून पडलेली किती तरी कर-आडनावं. प्रत्येकामागे काम आहे, गाव आहे, कधी सनदही आहे. घरातली माणसं आखातात, आफ्रिकेत गेली, जहाजावर गेली. घराला कुलूप आणि आत पेटी. पावसाळ्यात छप्पर गळलं की पहिली भिजते ती पेटीच. पुढे घर दुरुस्त करताना ती रद्दीत जाते. मग कोणी विचारलं, तुम्ही इथले कधीपासून, तर आपण नुसते तोंडाकडे बघत राहतो.

म्हणून या सुटीत एवढं करा. पेटी उघडा, कागद सावलीत पसरून वाळवा, चिकटपट्टी लावू नका, प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. मोडी येत नसेल तर वाचणारा शोधा, उर्दू-फारसी असेल तर मौलवीसाहेबांना दाखवा. दादी-नानीजवळ बसून नावं लिहून घ्या, आणि बायकांचीही लिहा. बहुतेक शजऱ्यांत फक्त मुलगेच असतात. आपल्या पणजीचं माहेर कुठलं हे सांगणारी एकच म्हातारी घरात उरलेली असते.

राजवाडे दुसऱ्यांच्या दारात उभे राहिले. आपल्याला तर फक्त आपल्याच माळ्यावर चढायचं आहे.