जंगल सरकारजमा झालं, तेव्हा शेतकऱ्याच्या शेळीचा हिशोब मांडणारे जोतीराव फुले

भिवंडीतलं वडपे म्हटलं की नाशिक हायवे आणि गोदामं आठवतात. पण तिथल्या काय किंवा राज्यातल्या कुठल्याही वनजमिनीवर तेल-गॅसची विहीर खणायची, तर १९८० च्या वनकायद्याने केंद्राची मंजुरी लागते. गावाशेजारचं रान दिल्लीच्या सहीवर कसं गेलं?

सुरुवात इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्यात आहे. त्याने सरकारला जंगलं राखीव करता आली. यावर नेमकं बोट ठेवलं महात्मा फुल्यांनी.

जन्म १८२७. १८४८ ची मुलींची शाळा, १८७३ चा सत्यशोधक समाज हे सगळ्यांना पाठ असतं. ते बांधकामाची कंत्राटंही घ्यायचे, हे मात्र कमी जणांना ठाऊक. त्यामुळे सरकारी खात्यांचा कारभार त्यांनी जवळून पाहिला होता.

१८८३ मध्ये त्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला. त्यात हिशोब साधा आहे. तुकडाभर जमीनवाला शेतकरी डोंगरातली फळं खायचा, पानं-फुलं, सरपण विकायचा, दोन गाई, चार शेळ्या पाळायचा. जंगलखात्याने डोंगर आणि गायरानं घेतली आणि शेळीला चरायला जागा उरली नाही. शेतीइतकाच हा डोंगरही त्याचा संसार होता.

ठाणे-कुलाब्यातली ओरड वाढली, तेव्हा १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला.

१८८८ मध्ये फुल्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, तर ते डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. राखीव जंगलाची तरतूद पुढे १९२७ च्या कायद्यात आली. तो अजून लागू आहे.